पाच ते सहाचा वाटा

खुर्ची तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि तरी ती तिच्यापासून लांब चालली होती.

कारण दुसऱ्या टोकाला कुणीतरी तीच खुर्ची ओढत होतं. उंच, किडकिडीत माणूस. कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात चार पेनं. तिने त्याला यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“सोडा,” ती म्हणाली.

“तुम्ही सोडा.” मग जरा घुटमळून तो म्हणाला, “म्हणजे... कृपया. मला यादी दिलीय. फिरती खुर्ची, एक, उजवा हात फाटलेला. ही धाकट्या साहेबांच्या वाट्याला आलीय.”

“फाटलेला हात डावा आहे.”

त्याने वाकून पाहिलं. “समोरून बघितलं तर उजवा आहे.”

“खुर्चीत समोरून कोण बसतं हो?”

तो हसला. हसताना त्याची पकड सैल झाली आणि खुर्ची एकदम तिच्याकडे आली. तिच्यासकट भिंतीपर्यंत गेली. आठ वर्षं ज्या खुर्चीवर बसून तिने काम केलं होतं, ती तिने अशी परत मिळवली. धापा टाकत ती त्यात बसली, तेव्हा त्याने खिशातलं एक पेन काढलं, यादीवर काट मारली आणि म्हणाला, “लिहितो... खुर्ची सापडली नाही.”

अशी त्यांची ओळख झाली — ऐन वाटणीच्या दिवशी.

वाटणी होती बहीणभावांची. वडिलांनी उभा केलेला चष्म्यांच्या काचांचा धंदा दोघं मिळून चालवत होते. थोरली बहीण, म्हणजे मोठ्या बाई, कारखाना बघायच्या. तिथे काचा घासून, नंबराप्रमाणे घडवून तयार व्हायच्या. धाकटे साहेब गावभर पसरलेली अकरा दुकानं बघायचे. मग कुठल्याशा गोष्टीवरून दोघांचं बिनसलं. कशावरून, ते कुणालाच धड सांगता यायचं नाही, पण बोलणं बंद झालं ते झालंच. कपाटं वाटली गेली, टेबलं वाटली गेली, पाण्याच्या टाकीवरसुद्धा मधोमध लाल रेघ आली.

वाटता येईना ते एकच — कॉम्प्युटर. कपाटाएवढं एक मशीन होतं. त्याच्यावरच दुकानांच्या ऑर्डरी यायच्या आणि त्याच्यावरूनच कारखान्याची जॉबकार्डं, म्हणजे कुठली काच कशी घडवायची त्याच्या चिठ्ठ्या, छापली जायची. ते मशीन ती सांभाळायची. थंडगार खोलीत दिवसभर स्वेटर घालून बसायची, म्हणून तिला सगळे ‘थंडीबाई’ म्हणत. आणि तो किडकिडीत माणूस धाकट्या साहेबांनी याच कामासाठी नेमला होता. एका मशीनची दोन मशीनं करायची होती.

“करवत आणलीय का?” तिने पहिल्या दिवशी विचारलं.

“करवत नाही लागत. पेटी एकच राहते. आतून दोन पार्टिशनं करायची. अर्धी मेमरी तुमची, अर्धी आमची. प्रोसेसरही तसेच. मग तुमच्या मशीनला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि आमच्याला वाटतं आपण एकटेच.”

“आणि दोघांना एकमेकांचं काहीच कळत नाही?”

“काहीच नाही.” तो चष्मा पुसत म्हणाला. “जरा वाईटच आहे ते, म्हणा.”

चार दिवस दोघं शेजारी बसून ते काम करत होते. बत्तीस जीबी मेमरी, सोळा-सोळा. दोघांचे वाटे एका प्रोफाइलमध्ये लिहून ठेवले. मशीन कधी बंद करून पुन्हा सुरू केलं की ते हे लिहिलेलं वाचायचं आणि त्याबरहुकूम वाटे घालून द्यायचं. वाटणीच्या करारात बाई आणि साहेब दोघांनी दोन कलमं घातली. दोघांच्या सह्या असल्याशिवाय वाट्यात बदल करायचा नाही. आणि सहा महिने हे असं चालवून बघायचं. एक जरी तक्रार झाली, तरी साहेब आपलं वेगळं मशीन घेऊन, सगळा बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या शहरात जाणार. जागासुद्धा त्यांनी पाहून ठेवली होती.

पाचव्या दिवशी सुतार आला आणि त्याने मशीनच्या खोलीत मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. तिच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. फक्त मशीनपाशी हातभर फट राहिली, कारण दोघांचे वाटे जिथून बघता आणि हलवता येत, तो कन्सोल एकच होता आणि दोघांचे हात तिथे पोचायला हवे होते.

त्या दुपारी भिंतीपलीकडून टकटक ऐकू येऊ लागली. तिला वाटलं, तो फार जोरात टाइप करतोय. मग लक्षात आलं, ते दात वाजत होते.

“स्वेटर नाही आणला?”

“नाही... मला वाटलं, ऑफिस आहे.”

तिने आपली शाल उचलली आणि भिंतीवरून पलीकडे टाकली. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक पेनांचा डबा. मग — “ऊब आहे हिला.” इतकंच.

तिसऱ्या दिवशी घरी आईने विचारलं, “शाल कुठाय गं तुझी?”

“ऑफिसात राहिली.”

“तीन दिवस?”

“आई...”

“नाही, राहू दे की. मी फक्त विचारतेय, ती धुऊन, घडी करून परत येणारेय, की मी दुसरी विणायला घेऊ?”

“तुझे टाके सुटतायत, तिकडे लक्ष दे.”

“माझे नाही सुटत हो टाके,” आई सुईवरून नजर न उचलता म्हणाली.

दोन महिन्यांनी शाळा सुरू व्हायचे दिवस आले. गावातल्या निम्म्या मुलांचे चष्म्याचे नंबर त्याच महिन्यात वाढायचे. दुकानांतून गर्दी उसळली आणि साहेबांच्या बाजूचं पार्टिशन मेटाकुटीला आलं. दिवसभर तिला भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू येई. “हो, कळतंय मला... हो, गिऱ्हाईक उभं आहे, कळतंय... जरा थांबा...” सकाळी तो आवाज नीट असे, दुपारी बसलेला. एकदा तर फोन ठेवल्यावर त्याने डोकं टेबलावर टेकवल्याचं तिला भिंतीतून ऐकू आलं.

आणि तिच्या बाजूला मेमरी नुसती पडून होती.

तो जेवायला बाहेर गेला, तेव्हा ती कन्सोलपाशी आली. मशीन चालू असतानाच एका वाट्यातून काढून दुसऱ्यात घालता येत असे. चार जीबी. दोन कळा. कसला आवाज नाही की दिवा लुकलुकला नाही. तिच्या छातीत मात्र असं धडधडत होतं, जणू तिजोरीच फोडली.

हे प्रोफाइलमध्ये लिहिणं शक्य नव्हतं. प्रोफाइलची छापील प्रत दर महिन्याला बाई-साहेब दोघांकडे जायची. “उद्या परत घेऊ,” तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी फोन थांबले. भिंतीपलीकडून कुणीतरी अगदी बेसूर गुणगुणू लागलं. ते गुणगुणणं ऐकून कुणाला चार जीबी परत घेववले असते! तिला तर नाही घेववले. पुढे पुढे तर ती ते विसरूनच गेली.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. संध्याकाळची जॉबकार्डं, जी आजवर सात-सव्वासातपर्यंत रेंगाळत छापली जायची, ती सहाच्या ठोक्याला संपू लागली. तिला वाटलं, मशीनच्या अंगावरचं ओझं वाटून गेलं, म्हणून सुधारलं असेल. सहाला ती दार लावून बाहेर पडायची, आणि नेमका त्याच वेळी तोही आपल्या दारातून बाहेर पडायचा.

“अरे, तुम्ही पण?” तो रोज तितक्याच आश्चर्याने म्हणायचा.

मग थांब्यापर्यंत दहा मिनिटं दोघं बरोबर चालत. आधी बोलणं मशीनचं असायचं, मग आईच्या विणकामाचं, मग त्याच्या एकट्याच्या स्वयंपाकाचं. “काल भात जमला,” तो सांगायचा. “म्हणजे, पातेल्याला सोडायला तयार नव्हता, इतका जमला.” ती हसायची, आणि तो तिच्याकडे बघायचा, आणि तिने बघितलं की घाईघाईने सिग्नलकडे बघायचा. बारीक पाऊस असला की एकाच छत्रीत दोघांचे बाहेरचे खांदे भिजत. आत सरकायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं.

पाचव्या महिन्यात एकदा तो चालता चालता म्हणाला, “साहेबांनी विचारलं, दुसऱ्या शहरात गेलो तर येशील का म्हणून.”

तिची चप्पल फरशीत अडखळली. “मग? काय म्हणालात?”

“म्हटलं... मशीन जिथे, तिथे मी. दुसरं काय म्हणणार?” तो थांबला. “दुसरं कुणी काही म्हटलं असतं, तर वेगळं.”

तिला कळलं. तिला अगदी स्वच्छ कळलं. ‘जाऊ नका’ हे दोन शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले, आणि तिच्या तोंडून निघालं, “तुमची बस आली.”

ती त्याची बस नव्हती. पण तो इतका गोंधळला की तीच पकडून गेला. कुठे गेला, कसा परत आला, देव जाणे.

आणि मग तो सोमवार उजाडला.

रविवारी इमारतीतल्या वायरी बदलायच्या होत्या, म्हणून दोघांनी मिळून मशीन पूर्ण बंद केलं होतं आणि दुपारी सुरू केलं होतं. सगळं ठीक दिसत होतं. रविवारी दुकानंच बंद, भार कसला? सोमवारी अकरा वाजता मात्र पलीकडचा पहिला फोन वाजला. मग दुसरा. मग वाजतच राहिले.

अकरा दुकानांत ऑर्डरी अडकल्या. बारा वाजता धाकटे साहेब खोलीत घुसले. आवाज ऐकून दुसऱ्या दाराने मोठ्या बाई आल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे राहिले आणि गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलले. अर्थात एकमेकांशी नाही.

“तुमच्या बाईंना सांगा,” साहेब फटीतून थंडीबाईला म्हणाले, “रविवारच्या आडून त्यांनी आमचा वाटा कापलाय. मला कळतं सगळं!”

“त्यांना सांगा,” बाई फटीतून त्याला म्हणाल्या, “सोळाचे सोळा आहेत. कागद काढून बघा म्हणावं. दुसऱ्याचं घ्यायची सवय आम्हाला नाही.”

त्याने कन्सोलवर पाहिलं. “सोळाच आहेत, साहेब. कराराप्रमाणे.”

“मग शनिवारपर्यंत चाललं आणि आज नाही? बास झालं. तक्रार ती तक्रार! आजच्या आज नवं मशीन सांगतो. सामान बांध. महिनाअखेरीला आपण इथून हललो.”

ती खुर्चीत थिजून बसली होती. तिला उमगलं होतं. मशीन बंद होऊन सुरू झालं आणि त्याने प्रोफाइल वाचलं. प्रोफाइलमध्ये सोळा-सोळा. तिने गुपचूप दिलेले चार जीबी तिथे लिहिलेलेच नव्हते. ते काल दुपारी आपोआप तिच्याकडे परत आले होते.

गप्प बसली तर तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. वाटा चोख होता. आठ वर्षांची नोकरी शाबूत राहिली असती. आणि महिनाअखेरीला भिंतीपलीकडे कुणी नसतं.

“मी दिले होते,” ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती उठली. “बाई, मी चार जीबी त्यांना दिले होते. तीन महिन्यांपूर्वी. तुम्हाला न विचारता. आपल्याकडे नुसते पडून होते, आणि यांचे हाल ऐकवत नव्हते... म्हणजे, दुकानांचे हाल. ते प्रोफाइलमध्ये नोंदवले नाहीत, म्हणून काल निघून आले. साहेब, तुमचं कुणी कापलं नाही. जास्तीचं होतं, ते गेलं.”

तिने दोन कळा दाबल्या. चार जीबी पलीकडे गेले. तीन-चार मिनिटांत एक फोन थांबला, मग दुसरा.

“सह्या नव्हत्या ना?” बाईंचा आवाज बर्फासारखा होता.

“नव्हत्या.”

“अजून काय काय दिलंस? कन्सोलवर सगळं उमटतं ना? तारीखवार दाखव.”

तिने यादी उघडली. बाईंनी आपला चष्मा चढवला. आत्ताची सोडली तर तिची नोंद एकच होती. पण तिच्याखाली ओळीने ओळी होत्या, रोजच्या. पाच वाजता अर्धा प्रोसेसर दुकानांकडून कारखान्याकडे. सहाला दोन मिनिटं कमी असताना परत. पाच वाजता... परत. पाच वाजता... परत.

“हे कुणी?”

फटीपलीकडे त्याने घसा खाकरला. “ते... मी.”

“तू?” साहेब गरजले. “माझ्या दुकानांचा प्रोसेसर? यांना?”

“साहेब, पाच ते सहा लोक रस्त्यात असतात. दुकानं साडेसहानंतर भरतात. तो तास आपलं काहीच अडत नाही, आणि त्यांची जॉबकार्डं...”

थंडीबाईने भिंतीकडे पाहिलं. सहाचा ठोका. “अरे, तुम्ही पण?” तिच्या कानशिलापर्यंत ऊन ऊन झालं, त्या गार खोलीत.

आणि तेवढ्यात एक विचित्र आवाज झाला. मोठ्या बाई हसत होत्या. आधी नाकातल्या नाकात, मग टेबलाचा आधार घेऊन.

“बाळ,” त्या भिंतीला म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांच्या साहेबांना त्या बोलणं बंद होईपर्यंत घरी हीच हाक मारत असणार. “बाळ, अरे, माझी माणसं तुला देतायत आणि तुझी माणसं मला. आणि आपण फळ्या ठोकत बसलो!”

“सुतार तू आणलास, ताई,” पलीकडून साहेब कुरकुरले.

“आणि खिळे कुणी आणले?”

“मीच,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्याही आवाजातलं काहीतरी सैल झालं.

“खरंच जाणार होतास रे? दुसऱ्या शहरात?”

“तू एकदा थांब म्हटलं असतंस तर...”

“मला वाटलं, तुला जायचंच आहे.” बाईंनी चष्मा काढून पुसला, तो पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग त्या वळल्या आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला. “पण शिस्त म्हणजे शिस्त. दोघांनी अर्ध्या तासात लेखी खुलासा द्यायचा. आणि वाटे नव्याने लिहा. दुकानं वीस, कारखाना बारा. प्रोफाइलमध्ये नीट नोंदवा, आम्ही सह्या करतो. बाळ, तू माझ्या खोलीत चल. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुझ्या तोंडावरून.”

दोन्ही दारं लागली. खोलीत मशीनची घरघर तेवढी उरली. तिने इतका मोठा श्वास सोडला की समोरचे कागद हलले. नोकरी होती. नवं मशीन येणार नव्हतं. कुणी कुठे जाणार नव्हतं... तिला रडू आणि हसू एकदमच येत होतं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते ठरत नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं? चार जीबींचं?” शेवटी तिने विचारलं.

“पहिल्याच दिवशी. सोळाचे वीस झालेले दिसत नाहीत होय!”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्हाला परत घ्यावे लागले असते.” जरा थांबून तो म्हणाला, “प्रोफाइलमध्ये लिहिले नसणार, हे कळायला हवं होतं. रविवारी मशीन बंद करण्याआधी विचारायला हवं होतं. पण... कुणी दिलेल्या वस्तूची पावती मागितल्यासारखं वाटलं.”

मग पेन सरकल्याचा आवाज. दहा-पंधरा मिनिटांनी फटीतून एक कागद आत आला.

“जरा वाचता का? खुलासा आहे. शुद्धलेखन माझं कच्चं आहे.”

तिने वाचायला घेतलं. अक्षर बारीक, तिरकं होतं. ‘...सदर प्रोसेसर रोज पाच ते सहा या वेळात कारखान्याकडे वळवण्याचं कारण असं की, त्यामुळे त्यांची जॉबकार्डं सहाला संपतात. ती सहाला संपली की त्या सहाला बाहेर पडतात. मी पावणेसहापासून घड्याळाकडे बघत असतो. दिवसभर भिंत असते. ती दहा मिनिटं भिंत नसते. त्या दहा मिनिटांसाठी मी हा बदल केला. याखेरीज माझा कोणताही हेतू नाही, आणि या हेतूबद्दल मला पश्चात्तापही नाही.’

अक्षरं पुसट झाली. तिने डोळे पुसून पुन्हा वाचलं.

“हे बाईंना द्यायचं?”

“नाही, नाही! बाईंसाठी वेगळा लिहिलाय, तांत्रिक.” पलीकडे खुर्ची करकरली. “हा... तुमच्यासाठी. उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही. म्हणजे, तुमची आणखी एखादी बस वगैरे यायची असेल, तर...”

ती हसली. इतकं मोठ्याने, की पलीकडेही कुणीतरी सुटल्यासारखं हसलं. मग ती उठली, फटीपाशी आली. तोही तिथेच उभा होता, हातात पेन, चष्मा किंचित वाकडा. इतक्या जवळून, मध्ये काही नसताना, तिने त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं.

“आज मला उशीर होणार,” ती म्हणाली. “हे सगळं नोंदवायचंय, सह्या घ्यायच्यात. सात वाजतील. कदाचित साडेसात.”

“मग प्रोसेसर...”

“प्रोसेसर राहू दे.” तिने हात फटीतून पुढे केला आणि त्याचा वाकडा चष्मा हलकेच सरळ केला. “जाऊ नको. थांबशील?”

“थांबेन,” तो म्हणाला.

आणि साडेसात वाजेपर्यंत तो थांबला — भिंतीच्या पलीकडे नाही, तिच्या बाजूला, एका उपड्या खोक्यावर बसून, तिला एकेक आकडा वाचून दाखवत.